वे नदीतून बोटीने: गॉडाल्मिंग ते टेम्स आणि परत, १६ लॉक्स

सुकाणूवाली
मंडळी, मे अखेरच्या सुट्टीत आम्ही चौघं (मी, नवरा, १४ वर्षांची लेक आणि ७१ वर्षांचे सासरे, आमचे आप्पा) आठवडाभर बोटीवर राहून आलो. इंग्लंडच्या दक्षिणेला सरे परगण्यात वे नावाची छोटी नदी आहे, गॉडाल्मिंग आणि गिल्डफर्डवरून येऊन वेब्रिजपाशी टेम्सला मिळते. तिच्यावर गॉडाल्मिंगपासून टेम्सपर्यंत जेमतेम २० मैलांचा जलमार्ग आहे आणि त्यात १६ लॉक्स. आम्ही गॉडाल्मिंगजवळच्या फार्नकॉम्बहून ५८ फुटी नॅरोबोट (अरुंद, लांबट, आत राहता येईल अशी बोट) भाड्याने घेतली, खाली टेम्सपर्यंत गेलो आणि त्याच वाटेने परत आलो. इथे राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी बरेच जण स्कॉटलंड, वेल्स, लेक डिस्ट्रिक्ट सगळं करतात पण घरापासून अर्ध्या तासावरच्या या नदीकडे कुणी वळत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

वेग किती, तर ताशी ४ मैलांच्या वर जायची परवानगीच नाही, आणि प्रत्यक्षात ३ च्या पुढे जावंसं वाटत नाही कारण जास्त वेग दिला की मागे लाट उठते आणि काठाची माती ढासळते. शेजारच्या टो-पाथवरून, म्हणजे काठावरच्या पायवाटेवरून, कुत्रा फिरवणारी माणसं आपल्याला ओलांडून जातात. वेळेचा हिशोब सोपा आहे, मैल आणि लॉक्स यांची बेरीज करायची आणि ३ ने भागायचं, जे येईल तेवढे तास. म्हणजे २० आणि १६ मिळून ३६, एका बाजूला १२ तास. सात दिवसांत जाऊन येऊन आरामात होतं, मधे गिल्डफर्डला अख्खा दिवस थांबलो तरी.

पहिल्या दिवशी सुकाणू हातात घेतलं तेव्हा डोकं चालेना. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकला की बोट उजवीकडे वळते, आणि ती गाडीसारखी पुढून वळत नाही, पोटाच्या मध्यावर फिरते, म्हणजे नाक इकडे गेलं की शेपूट तिकडे. ब्रेक नाही, थांबायचं तर रिव्हर्स, आणि रिव्हर्समध्ये सुकाणू जवळजवळ काम करत नाही. समोरून बोट आली की आपण उजवीकडे व्हायचं. शॅलफर्डजवळ ब्रॉडफर्डचा पूल इतका ठेंगणा आहे की वर बसलेल्या सगळ्यांना खाली उतरवलं, छपरावरची कुंडीसुद्धा खाली घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात बसला. लेकीचा माझ्याआधी बसला.

पण खरं सांगायचंय ते लॉक्सबद्दल. तिथे एक प्रसंग असा घडला की अजून रात्री डोळ्यासमोर येतो, तो खाली वेगळा लिहिते. आधी प्रश्न असतील तर विचारा.

कृष्णाकाठ
ताई, मस्त. पण आधी हे लॉक म्हणजे नक्की काय ते आमच्यासारख्या सांगलीत बसलेल्यांना समजेल असं सांगा ना. कुलूप का म्हणतात त्याला? आमच्याकडे नदीत बंधारा असतो, बोट बंधाऱ्यावरून जाईल कशी हेच डोक्यात येत नाहीये.

सुकाणूवाली
@कृष्णाकाठ, अगदी बंधाऱ्यापासूनच सुरू करू. नदीत जुन्या काळापासून पिठाच्या गिरण्यांसाठी बंधारे होते. बंधाऱ्याच्या वर पाणी उंच, खाली पाणी बसकं. आता बंधाऱ्याला वळसा घालून शेजारून एक अरुंद पाट काढा आणि त्यात बोट मावेल एवढा हौद बांधा, दोन्ही टोकांना दारं. खाली जायचंय तर हौद आधी वरच्या पातळीपर्यंत भरायचा, बोट आत, मागचं दार बंद, मग खालच्या दारातल्या झडपा उघडून पाणी सोडायचं. बोट लिफ्टसारखी हळूहळू खाली जाते. खालची पातळी आली की पुढचं दार उघडायचं आणि निघायचं. वर येताना उलट. पंप नाही, वीज नाही, सगळं पाण्याच्या उतारावर आणि आपल्या हातांवर. या झडपांना इथे पॅडल म्हणतात, त्या उघडायला लोखंडी हँडल मिळतं, विंडलास, ते दातेरी पट्टीला लावून फिरवायचं. दारं पाठ लावून ढकलायची, त्यांना टेलिफोनच्या खांबाएवढे लाकडी दांडे असतात. एका लॉकला १५ ते २० मिनिटं धरा.

निळीशाई
ह्यात धोका किती? आईबाबा ऑगस्टमध्ये येतायत, बाबांचे गुडघे दुखतात, आईला पाण्याची भीती. न्यायचं की नाही ठरत नाहीये.

सुकाणूवाली
@निळीशाई, तुमच्या प्रश्नासाठीच तो प्रसंग लिहिते, सगळा वाचा आणि मग ठरवा.

कॉक्सेस लॉक हे या नदीवरचं सगळ्यात खोल, साधारण साडेआठ फूट. वेब्रिजच्या अलीकडे, शेजारी जुन्या गिरणीची भलीमोठी इमारत आहे. आम्ही खाली चाललो होतो. लॉकच्या वरच्या दाराखाली दगडी उंबरठा असतो, सिल म्हणतात, हौद भरलेला असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. पाणी उतरलं की तो उघडा पडतो. बोटीचा मागचा भाग त्याच्यावर राहिला तर पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातो आणि मागचा उंबरठ्यावर अडकून बोट नाकावर कलते, पाणी आत शिरतं. भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते, मागचा भाग कायम त्या रेघेच्या पुढे ठेवायचा, एवढा एकच नियम.

मी खालच्या झडपांवर होते, नवरा टिलरवर, लेक पुढच्या दोराला, आणि मागचा दोर आप्पांकडे काठावर. त्याआधी अकरा लॉक्स झाले होते म्हणून आम्ही सैल पडलो होतो, खरंच सांगते, बोलण्यात रमलो होतो. बोट कधी मागे सरकली कुणालाच कळलं नाही. आप्पांना दोर ढिला पडल्यासारखा वाटला, त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि ओरडले, "सूनबाई, पाणी बंद कर!" कारण न विचारता मी दोन्ही झडपा पाडल्या. सुकाणू उंबरठ्यापासून हातभर वर होतं, खालून दगड दिसायला लागला होता. मग वरची एक झडप अगदी थोडी उघडून पाणी परत भरलं, बोट पुढे घेतली आणि पहिल्यापासून सुरू केलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण नवऱ्याने त्यानंतर लॉकमध्ये एक शब्द बोलला नाही, आणि रात्री जेवताना आम्ही चौघंही गप्प होतो.

तर नियम आम्ही केला तो असा: झडपेवर जो असेल त्याने फक्त बोटीकडे बघायचं, फोटो नाही, फोन नाही, आणि "बंद" असं कुणीही म्हटलं की आधी बंद, प्रश्न नंतर. काकांचे गुडघे दुखतात तर त्यांना दोरावरही ठेवू नका, पण आत खुर्चीवर बसवून मागच्या रेघेवर नजर ठेवायचं काम द्या, ते काम सगळ्यात मोलाचं आहे.

गुहागरकर
वहिनी, दोर बांधून ठेवला असता तर बोट मागे सरकली नसती ना? आमच्याकडे दाभोळच्या खाडीत होडी लावली की नाळेचा दोर घट्ट खुंट्याला.

सुकाणूवाली
@गुहागरकर, हा प्रश्न आप्पांनीही पहिल्या दिवशी विचारला होता. लॉकमध्ये गाठ मारायची नाही, कधीच नाही. बोट खाली उतरतेय आणि दोर बांधलेला राहिला तर बोट दोराला लटकते. खुंट्याला एक वेढा घालायचा आणि टोक हातात ठेवायचं, पाणी उतरेल तसा दोर सोडत जायचा, चढताना ओढून घ्यायचा. पुढे एक आणि मागे एक असे दोन्ही दोर लागतातच. चढताना जास्त जपावं लागतं कारण वरच्या झडपा पूर्ण उघडल्या की पाणी उसळून येतं आणि बोट पुढेमागे आपटते. आधी चतुर्थांश, बोट शांत झाली की अर्धी, मग बाकी.

गुहागरकर
समजलं. आमच्याकडे भरती-ओहोटीला दोर सैल ठेवतात तोच प्रकार, फक्त तुमची ओहोटी दहा मिनिटांत. तिथे भरती लागते का नदीला?

सुकाणूवाली
नाही, समुद्राची भरती टेम्सवर टेडिंग्टनपर्यंतच येते, आम्ही त्याच्या बरेच वर होतो.

पाटबंधारे_निवृत्त
मी ३४ वर्षं कालव्यावर काढली त्यामुळे हा धागा आवडीने वाचतोय. दोन गोष्टी सांगतो. ही दारं बंद असताना सरळ रेषेत नसतात, नकाशावर पाहिलं तर वरच्या पाण्याकडे टोक करून व्ही सारखी मिळतात. पाणी जितकं जोरात ढकलेल तितकी ती एकमेकांत घट्ट बसतात, कडी नाही, कोयंडा नाही. सूनबाईंनी सांगितलेली साडेआठ फूट म्हणजे २.६ मीटर पातळी आणि दाराची एक फळी सव्वादोन मीटर रुंद धरली तर नुसत्या त्या फरकाचा दाब एका फळीवर साडेसात टन येतो. म्हणून पातळी सारखी झाल्याशिवाय दार उघडत नाही. आता गंमत बघा, फक्त १० सेंटिमीटर फरक उरला असेल आणि दार दोन मीटर पाण्यात असेल तरी साडेचारशे किलोच्या आसपास जोर शिल्लक असतो, दांड्याच्या टोकाला ढकललं तरी त्याच्या निम्मा लागतो. तिथे चार माणसांनी जोर लावण्यापेक्षा दोन मिनिटं थांबलेलं बरं, दार आपोआप सैल होतं.

दुसरं, एका वेळी किती पाणी जातं? लॉक किती लांब आहे?

सुकाणूवाली
काका, साडेत्र्याहत्तर फुटांची बोट बसते आणि रुंदी साधारण १४ फूट. आणि तुम्ही म्हणता ते दार सैल होणं, अगदी तसंच होतं, दांडा पाठीला टेकवून उभं राहायचं आणि एका क्षणी तो स्वतःहून हलतो. लेक त्या क्षणाची वाट बघत उभी राहायची.

पाटबंधारे_निवृत्त
म्हणजे कॉक्सेसला दरवेळी अडीच लाख लिटरच्या आसपास पाणी खाली जातं. बोट कितीही लहान असो, पाणी तेवढंच. म्हणून लॉक तयार असेल त्या बाजूची बोट आधी घ्यायची, आणि दोन बोटी मावत असतील तर दोन्ही एकदम. आमच्याकडे रोटेशन, म्हणजे पाण्याची पाळी, चुकवून मधेच दार उचललं तर टेलचा, कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी कोरडा राहायचा, तत्त्व तेच. भारतात बोटीचं लॉक पाहायचं असेल तर फराक्क्याला आहे, मोठी जहाजं जातात.

रेडिंगचा_वाटसरू
इतिहासाचं थोडं. या नदीचा जलमार्ग १६५३ मध्ये सुरू झाला, म्हणजे महाराजांनी जावळी घेतली त्याच्या तीन वर्षं आधी. सर रिचर्ड वेस्टन नावाचा जमीनदार होता, सटन प्लेसचा. यादवी युद्धात राजाच्या बाजूचा म्हणून परागंदा व्हावं लागलं, त्या काळात नेदरलँड्सकडे लॉक्स पाहिले आणि परत येऊन आपल्या नदीवर करायचं ठरवलं. काकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्याच्या खूप आधी त्याने स्वतःच्या कुरणांना पाणी द्यायला नदीतून पाट काढला होता, पाण्याचा माणूसच तो. पार्लमेंटचा कायदा १६५१ मध्ये झाला, त्यासाठी त्याला विरुद्ध पक्षातल्या जेम्स पिटसनला भागीदार करावं लागलं. जवळच ओटलँड्सचा राजवाडा पाडला होता, त्याचं सामान लॉक्सच्या बांधकामाला वापरलं. वेस्टन १६५२ मध्ये वारला, काम पूर्ण झालेलं त्याने पाहिलं नाही.

गिल्डफर्डपासून वर गॉडाल्मिंगपर्यंतचा साडेचार मैलांचा भाग १७६४ चा, त्यात ४ लॉक्स. चिलवर्थची बंदुकीची दारू, लाकूड, धान्य, पीठ हे सगळं याच वाटेने लंडनला जायचं-यायचं, घोडे काठावरून बार्ज (मालवाहू बोटी) ओढायचे. शेवटचा मालक हॅरी स्टीव्हन्स, त्याने १९६४ मध्ये नदीचा खालचा भाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकला, वरचा १९६८ मध्ये गेला. गिल्डफर्डला डॅपड्यून व्हार्फ चुकवू नका, तिथे बार्ज बांधायचे आणि रिलायन्स नावाची बार्ज ठेवलेली आहे.

सुकाणूवाली
@रेडिंगचा_वाटसरू, पाहिली! आप्पा तिच्या पोटात उतरून बराच वेळ फळ्यांवर हात फिरवत उभे होते. त्यांचे वडील सुतार होते. गिल्डफर्डला नदीकाठी लाकडी क्रेन पण आहे, आत मोठं चाक, माणसं त्या चाकात चालायची आणि माल वर उचलला जायचा. लेक म्हणाली दिवसभर चाकात चालणाऱ्याला पगार किती असेल, उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं.

कृष्णाकाठ
मला वाटलं होतं सगळी लॉक्स सारखीच. तसं नाही दिसत.

सुकाणूवाली
नाही ना, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. वर्सफोल्ड गेट्सला झडपा फिरवायच्या नाहीतच, लाकडी झडप हाताने वर ओढायची आणि भोकात खुंटी घालून अडकवायची, शेकडो वर्षांची रीत. वॉल्शम गेट्सच्या भिंती विटांच्या नाहीत, दोन्ही बाजूंना उतरता गवताचा काठ. ही दोन्ही पुराची दारं, एरवी सताड उघडी असतात, सरळ निघून जायचं, नदी चढली की मगच लॉक म्हणून चालवतात. पेपरकोर्ट मला सगळ्यात आवडलं, सांडवा पायऱ्यापायऱ्यांनी खळाळत येतो, शेजारी छोटं घर. पण खालून वर येताना तेच सांडव्याचं पाणी बोटीला आडवं ढकलतं, नवऱ्याने दोनदा मागे घेऊन तिसऱ्यांदा नाक आत घातलं. न्यूआर्कजवळ शेतात जुन्या मठाच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत, आठव्या हेन्रीच्या वेळी मोडला तेव्हापासूनच्या. संध्याकाळी तिथे बांधलो होतो, आप्पांनी डेकवर बसून रामरक्षा म्हटली, समोर गाई चरत होत्या. मला इतकं शांत किती वर्षांत वाटलं नव्हतं.

आणि न्यू हॉच्या वर एम२५, लंडनभोवतीचा महामार्ग, डोक्यावरून जातो. सहा-आठ लेन गाड्या वर धडधडतायत आणि खाली आपण तीन मैलांच्या वेगाने, तिथूनच बेझिंगस्टोक कालवा फुटतो. मी रोज त्या पुलावरून ऑफिसला जाते. अकरा वर्षं. खाली नदी आहे हे माहीतच नव्हतं.

एक महत्त्वाचं राहिलं, बाकी कालव्यांवर लॉकमधून निघालं की दार लावून जातात. वे वर झडपा पाडायच्या पण बाहेर पडलो ते दार उघडंच ठेवायचं. आम्ही दुसऱ्या नदीवर शिकलेल्या मित्राचं ऐकून पहिली दोन लॉक्स लावून घेतली, मग नदीवर काम करणाऱ्या एका बाईंनी थांबून समजावलं. तिथल्या या कर्मचाऱ्यांना लेंग्थ्समन म्हणतात, प्रत्येकाकडे नदीचा एक पट्टा.

पाटबंधारे_निवृत्त
आमचे पाटकरी! प्रत्येकाचा पट्टा ठरलेला, रात्री पाऊस लागला की बॅटरी घेऊन आधी तो दारावर. या लोकांना मान दिला पाहिजे.

निळीशाई
सगळं वाचलं, दोनदा. आठवडाभर नको वाटतंय, पण एका दिवसासाठी छोटी बोट मिळते ना? आणि पाऊस झाला तर?

सुकाणूवाली
मिळते. गॉडाल्मिंगच्या बाजूला दिवसाच्या बोटी आहेत, एक लॉक करून परत येता येतं. ही कालवा नाही, नदी आहे, पाऊस झाला की ओढ वाढते आणि सांडव्याकडे खेच बसते, जास्तच चढली तर वाहतूक बंद करतात. आदल्या दिवशी नॅशनल ट्रस्टची सूचना बघायची आणि बंद म्हटलं तर घरी बसायचं. आईंना लाइफजॅकेट घाला, न लाजता, आम्ही सगळ्यांनी घातलं होतं. लॉकच्या कडेला ओल्या लाकडावर पाय देऊ नका, दाराच्या फळीवरून पलीकडे जाताना कठडा धरून. उडी मारून काठावर उतरायचं नाही, पाऊल टाकून उतरायचं.

निळीशाई
(तीन महिन्यांनी)
धागा वर काढतेय. जाऊन आलो! २३ ऑगस्ट, ऊन होतं, पाणी संथ. बाबांना तुम्ही सांगितलं तसं मागे खुर्चीवर बसवून रेघेचं काम दिलं. अनस्टेड लॉकला ते अर्धा तास त्या पांढऱ्या रेघेवरून नजर हलवायला तयार नव्हते, दर मिनिटाला "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत होते. आई सकाळी केबिनमधून बाहेर यायला तयार नव्हती. परत येताना लॉक भरत होतं तेव्हा हळूच पायऱ्या चढून बाहेर आली, भिंत खाली खाली जाताना बघत राहिली आणि शेवटी काठावर उतरून माझ्या शेजारी दांड्याला पाठ लावून उभी राहिली. दार हललं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. आता विचारतेय पुढच्या वेळी गिल्डफर्डपर्यंत किती लॉक्स लागतात.

सुकाणूवाली
अनस्टेड, सेंट कॅथरीन्स आणि मग मिलमीड. तिसरं केलं की गिल्डफर्डातच. काकूंना माझा नमस्कार सांगा.